चेंदणीच्या आत्याचा धवला

३ जानेवारी १९९९, रविवार

आवाजच नाही! आनंदाच्या कंपनीतल्या साहेबांनी टाकून दिलेला लॅपटॉप तीन तास समोर घेऊन बसले. माइक लावला, 'हॅलो हॅलो' करून घसा बसला, पण पडद्यावरची हिरवी रेघ सरळच्या सरळ. डोंबिवलीच्या प्रेसमध्ये दिवसभर कॉम्प्युटरवर बसते, तरी इथे अडाणी ठरले.

वेळ थोडा आहे. २१ तारखेला मनुआत्याचं ऑपरेशन. गाठ स्वरयंत्रात आहे, ते काढावंच लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल. चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या गल्लीची ती शेवटची धवलारीण. तिने धवला गायल्याशिवाय लग्न लागलं असं आमच्यात कुणी मानत नाही. पोथी नाही, वही नाही, सगळं तिच्या गळ्यात! लग्नांच्या कॅसेटी आहेत, पण त्यांत नुसता बँजो वाजतो. आणि आमचा टेपरेकॉर्डर कॅसेट चावून खातो.

आमच्या लग्नाला ती नव्हती. ठाण्याला रजिस्टर केलं, नऊ वर्षं झाली. आनंदा साताऱ्याकडचा, म्हणून बाबांनी आत्याला शपथ घातली, 'गायलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.' बाबा गेले, शपथ राहिली.

५ जानेवारी

भोक चुकलं होतं! लॅपटॉपच्या बाजूला तीन भोकं आहेत, मी हेडफोनच्या भोकात माइक खुपसत होते. बरोबर लावला. तरी मुकाच.

८ जानेवारी

सापडलं!! आवाजाच्या खिडकीत फक्त ऐकायच्या पट्ट्या दिसतात. रेकॉर्डिंगच्या वेगळ्या, आत दडवलेल्या. तिथे खूण 'लाइन इन'वर होती. 'मायक्रोफोन'वर केली — आणि रेघ थरारली! मी खोकले, ती उसळली. आनंदा आतून म्हणाला, "अगं, भाजी करपली," तेही उमटलं. अंगावर काटा आला. बोललेलं हवेत विरून जातं असंच आजवर वाटायचं.

चार्जर लावला की मात्र घूंऽऽ. काढला की स्वच्छ, पण जुनी बॅटरी अकरा मिनिटांत मान टाकते. शिवाय दर मिनिटाला रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, पुन्हा बटण दाबायचं. भाजी खरंच करपली होती.

१० जानेवारी, रविवार

चेंदणीला गेले. आत्याला म्हटलं, काहीतरी बोल. "काय बोलू? बोंबील सुकत घातलेत, मांजर बघ." तेच परत ऐकवलं. आत्या दचकली, वाकून लॅपटॉपच्या मागे बघून आली. "ही मी?" चाळीस वर्षं लोकांना ऐकवलं, स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

पण गायचं म्हटल्यावर साफ नाही! "लगीन नाय, मांडव नाय, न् धवला कुनाचा? देवांना बोलवायचं न् दाखवायचं काय — ह्यो डबा?" हात जोडले, भांडले. ढिम्म. धवल्यात देवांना आवतण असतं, नवरा-नवरीचं नाव असतं. रिकामा गायचा नसतो हे मलाही ठाऊक आहे. आणि पौषात लग्न आणू कुठून?

१४ जानेवारी

शेजारच्यांच्या फोनवर आत्या! "पौष संपला का मंगलवारी ये. जावयाला आन. लगीन मिलालं." कुणाचं ते सांगेना.

१९ जानेवारी, मंगळवार

रजा टाकून दोघं गेलो. आत्या हिरव्या लुगड्यात, दाराला केळीची पानं बांधलेली. नवरा-नवरी कुठे दिसेनात. "येतील येलेवर," म्हणाली. लॅपटॉप तिने पाटावर तांदळाच्या राशीत रोवला, कलश रोवतात तसा! मला हसू आलं. माइक लावला. मुका!! पट्ट्या बघितल्या, खुणा बघितल्या, बंद करून चालू केला. उद्या आत्या भरती होणार. मला रडूच फुटलं.

आनंदा म्हणाला, "पिन पूर्ण आत जात नाहीये." भोकात तांदळाची कणी! मी नखाने काढायला गेले, ती आणखी आत सरकली. आत्याने जाळी शिवलेल्या बोटांनी सुई धरली आणि कणी अलगद बाहेर काढली.

चार्जर काढला. मी बसणार तोच आत्या म्हणाली, "तू भायेर जा. बटन जावय दाबंल." त्याचं एक मिनिट चुकलं तर? "जा म्हंतंय ना!" गेले. गल्लीतली पोरं हाकलली, भंगारवाल्याला गप्प केलं. बंद दारातून शब्द कळत नव्हते, नुसता सूर. बोलताना घोगरा झालेला गळा, पण काय चढत होता! ऊन, गल्ली, मी, सगळं जागच्या जागी थांबल्यासारखं. हात कधी जोडले गेले कळलं नाही.

दार उघडलं. आनंदाचे डोळे लाल.

"सेव्ह केलंस ना?"

"केलं. बॅटरी शेवटी गेली."

काय गायली ते सांगेना. आत्या म्हणाली, "माजा आवाज गेला का मंग ऐक. आदी नाय."

२१ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. आत्याने माझा हात दाबला. ओठ हलले. आवाज नाही.

२३ जानेवारी

ऐकला. आधी गणपतीला आवतण, मग एकवीरेला, मग खाडीला. मग नवरीला हळदीला हाक मारली — दामाजीची लेक मालू. नवरा आनंदा. बाबांची शपथ मोडून गायली ती. नऊ वर्षांनी आमचं लग्न लागलं, आणि नवरी गल्लीत पोरं हाकलत होती!