दुपदरी पटलाच्या चित्रफितीतील ‘लेकरा’ या शब्दाबाबत

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय, हिंगोली.

विषय : कै. प्रा. मार्तंड जवळेकर यांच्या शेवटच्या प्रयोगाची चित्रफीत आवाजासह मिळणेबाबत.
संदर्भ : ‘संशोधनाची चित्रफीत वारसाहक्कात येत नाही’ हे आपले उत्तर.

महोदय,

अर्जदार ही कै. प्रा. मार्तंड यांची एकुलती एक मुलगी. सदर चित्रफीत त्यांचे संशोधन पुढे चालवणारी विद्यार्थिनी कु. शिवकन्या (रा. जवळा बाजार) यांना नियमाप्रमाणे मिळाली. अर्जदारास ती आपल्या कार्यालयात एकदा दाखवण्यात आली, त्याबद्दल आभार.

तीत सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या रेणूंचा फुगा दिसतो. त्याच्या कवचाला, म्हणजे पटलाला, दोन पदर आहेत. फुगा थंड होतो तशी बाहेरच्या पदरातली रेणूंची मिसळ विलग होऊन काळे ठिपके उमटतात, आणि नेमके त्यांच्याच पाठीशी आतल्या पदरातही. शिवकन्या विचारतात, “सर, आतल्यात तर तशी मिसळच न्हाई. मंग त्याला काहून ठिपके पडून राहिले?” वडील हसतात. “शेजाऱ्याचं पाहून! बघ लेकरा, चिकटून राहतात न दोघं. कधी उलटंबी व्हतं. आतल्यापायी बाहेरचेबी ठिपके विरून जातात.”

घरी अर्जदाराने ‘न्हाई’ म्हटले की ते ‘नाही’ म्हणायला लावत. पदरांविषयी विचारले तर ‘तुझा विषय नव्हे’ म्हणत. ‘लेकरा’ मात्र ते आपल्या एकटीलाच म्हणतात, असा अर्जदाराचा समज होता.

म्हणून शिवकन्या यांच्या प्रतीतून तेवढा शब्द काढावा, बाकी सर्व ज्ञान त्यांच्याकडे राहू द्यावे, अशी तोंडी मागणी अर्जदाराने केली होती. त्यावर आपले लिपिक श्री. सोमेश्वर म्हणाले, “आमच्या संगणकावर नुसता आवाज निघत न्हाई ताई, चित्रबी कापलं जातं. अन् ठिपके जुळतात ते बराबर त्याच शब्दावर.”

वडिलांचा प्रयोग कापणे अर्जदारास मंजूर नाही. ती मागणी मागे घेतली आहे. सल गेली असे मात्र नमूद करता येत नाही.

सबब, आवाजासह एक प्रत द्यावी. तेही नियमात बसत नसल्यास, शिवकन्या हा प्रयोग पुन्हा करतील त्या दिवशी अर्जदारास त्यांच्या शेजारी एक स्टूल द्यावे. ठिपके जुळू लागताच त्यांनी ‘बघ’ एवढेच म्हणावे. पुढचा शब्द अर्जदार मनात लावून घेईल.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
मंजुषा मार्तंड जवळेकर
हिंगोली

सोबत : वारस प्रमाणपत्र (आपल्या कार्यालयाने आधी मागितलेले व नंतर गैरलागू ठरवलेले).