पाहुण्याला हॉटेल कशाला

७ डिसेंबर
बेलग्रादहून कुणी डॉ. त्रिफुनोविच येणार, आमच्या ह्यांच्या इतिहास डिपार्टमेंटला व्याख्यान द्यायला. ह्यांच्या प्रमुखपदाची मुदत नववर्षाला संपते. ती वाढवायची की नाही, याचा रिपोर्ट हेच पाहुणे देणार असणार. वाढणारच. हे घर युनिव्हर्सिटीचं, प्रमुखासाठीचं. म्हणजे घराचीही काळजी मिटली. डीनना मी स्वतः फोन केला. म्हटलं, पाहुण्याला हॉटेल कशाला? आमच्याकडे उतरू द्या. खर्च वाचेल, आणि आमचं मीठ खाल्लेला माणूस वाकडं लिहिणार नाही (हे मनात). डीननी दोनदा विचारलं, नक्की ना? मग म्हणाले, "तुमचीच इच्छा असेल तर, डेसांकावहिनी..." गहिवरले असावेत.

१० डिसेंबर
हे जेवत नाहीत. म्हणाले, "डेसा, जरा बस, बोलायचंय." म्हटलं, काय असेल ते स्लावा झाल्यावर. आपल्या घराण्याच्या संताचा दिवस तोंडावर आलाय, उपवास चालू आहे, वाईट बोलू नये, ऐकू नये. तर म्हणाले, "वाईटच आहे हे तुला कुणी सांगितलं?" वाईट नाही, तर मग घाई कसली? बिनतोड. उठून गेले.

१३ डिसेंबर
हे ऑफिसातली पुस्तकं खोक्यांत भरून घरी आणताहेत. पाहुण्यांसमोर ऑफिस मोकळंढाकळं दिसायला हवं. दूरदृष्टी! डिपार्टमेंटची सेक्रेटरी मिलुंका खोकी पोचवायला आली, ती माझा हात सोडीना. म्हणाली, "वहिनी, तुमच्या बहिणीचं खेड्यातलं घर अजून रिकामंच ना?" म्हटलं, आहे, पण ओल फार. का गं? "काही नाही, आपली चौकशी." उन्हाळ्यात हवं असेल. भाडं घेईन. ओळखीत फुकट दिलं की किंमत राहत नाही.

१७ डिसेंबर, संध्याकाळी
पाहुणे आले. पस्तिशीचे, मऊ आवाजाचे. फुलं आणली. सहा निघाली! सम फुलं थडग्यावर ठेवायची असतात, पण बेलग्रादच्या माणसांना कुठलं कळायला. एक काढून आमच्या संत निकोलांच्या तसबिरीपुढे ठेवलं, पाच राहिली, दोष गेला. जेवताना विचारत होते, कोपऱ्यातली खोली हिवाळ्यात गरम राहते का, इथून मुलींची शाळा किती लांब (मुली आहेत त्यांना). किती आपुलकी! हे खाली मान घालून पाव कुस्करत बसले होते.

१८ डिसेंबर
व्याख्यान झालं. हॉल भरून वर उभी मुलं. ह्यांच्या तासाला एवढी नसतात. ह्यांचे विद्यार्थी घरी बसून वाचणारे. डीननी पाहुण्यांची लांबलचक ओळख करून दिली, गडबडीत ह्यांचं नाव राहिलं. घरी येऊन बघते तर पाहुणे वितीनं दिवाणखान्याची भिंत मोजताहेत. मला बघून दचकले. "आमच्याकडे पियानो आहे, काकू," म्हणाले. आमच्याकडे नाही हे असं दाखवून देऊ नये. पण पाहुणा आहे, पोटात घातलं.

१९ डिसेंबर, स्लावा, सकाळी
फादर येऊन स्लावाच्या पावाला आशीर्वाद देऊन गेले. मेणबत्ती दोनदा विझली. खिडकीची फट. संध्याकाळसाठी उपवासाला चालणारा कार्प मासा एकच आणलाय. स्लावाला बोलावणं करायचं नसतं, आपलं मानणारे आपणहून येतात. गेल्या वर्षी डिपार्टमेंटमधले चौघंच आले, बर्फ होतं.

रात्री
सगळे आले! डीनसुद्धा! बर्फ असूनही! खुर्च्या पुरल्या नाहीत, कार्प तर नाहीच. ह्यांचं वजन किती, ते आज कळलं. एकच गालबोट. लायब्ररीतले म्हातारे बोगोसाव दारातून तडक पाहुण्यांकडे गेले, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "स्लावाच्या शुभेच्छा, घरधनी!" मिलुंकानं त्यांना कोपर मारलं, "अहो आजोबा, घरधनी तिकडे बसलेत." तर मोठ्यानं म्हणतात, "आता बदलला म्हणालीस ना?" सगळे एकदम माशाचे काटे काढायला लागले. आजोबांना ब्रँडी चढली असणार. अर्थात ग्लास त्यांना मी नंतर दिला.

२० डिसेंबर
हे बोलले. रिपोर्ट वगैरे काही नव्हताच. नवे प्रमुख म्हणून पाहुणे ऑक्टोबरातच ठरलेले. व्याख्यान म्हणजे त्यांना मुलांसमोर उभं करण्याची रीत. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंत? डीन म्हणे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना सांगत होते, "वहिनींचं मन बघा, स्वतः फोन करून नव्या माणसाला घर दाखवायला बोलावलं." नववर्षाच्या आत निघायचं आहे.
कॉफी करावी म्हणून स्वयंपाकघरात गेले. पाहुणे आधीच शेगडीपाशी. माझं भांडं, माझा चमचा, सगळं बरोबर सापडलं होतं. म्हणाले, "बसा काकू, दमला असाल. मी करतो."
बसले. दाराजवळच्या खुर्चीवर, टेकल्यासारखी. त्यांनी कप पुढे ठेवला, साखर किती म्हणून विचारलं.
मी म्हटलं, "राहू दे हो. तुम्हाला उगाच त्रास."