गॅस्केट असं फुटत नाही

३ मार्च, सोमवार
लेकीने पार्सल पाठवलं. विज्ञानकादंबरी! उभा जन्म कारखान्यात पंप तपासण्यात गेलेल्या माणसाला असली शेंडी लावणं सोपं नाही. तरी तिचा मान म्हणून चाळणार. रविवारी तिचा फोन येतो, तेव्हा अभिप्राय हवा आहे म्हणे. रोज दहाच पानं. शिस्त म्हणजे शिस्त.

४ मार्च
अर्धी झाली. कंटाळवाणी आहे, म्हणून उरकून टाकतोय. एक अंतराळवीर यानात एकटाच. पृथ्वीला निरोप पाठवतो, उत्तर यायला वर्ष लागतं. तोवर पठ्ठ्या पाण्याच्या पंपाशी गप्पा मारतो. हसू आलं. शहाणा माणूस पंपाशी कशाला बोलेल?
संध्याकाळी फ्रिज फार घरघरत होता. त्याला समजावून सांगितलं. ते वेगळं.

५ मार्च, दुपारी
पंपाचं वर्णन साफ चूक. गॅस्केट असं फुटत नाही. पुस्तक कायमचं बंद.
चहानंतर: पंप दुरुस्त होतो का, एवढंच पाहिलं. होतो. इतकं हायसं वाटलं की माझंच मला नवल.

७ मार्च
संपली. पृथ्वीवरून उत्तर येतं आणि त्यात काय आहे हे न सांगताच कादंबरी थांबते. म्हणे पुढचा भाग वेगळा. शुद्ध फसवणूक. डोळ्यांना पाणी आलं, ते चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे.
शेजारच्या शिंप्याला जिन्यात गाठून कथा सांगायला घेतली. यान उडायच्या आतच त्याला दुकान आठवलं.

८ मार्च
उद्याची तयारी. तासभर तरी बोलणं होईल. एरवी जेवण आणि गोळ्या विचारून झाल्या की आमची गाडी अडते. आधी दोष, मग गुण. तपासणीची रीतच तशी. आमच्याकडे चांगल्या मालाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, तो नुसता पुढे जायचा.

९ मार्च, रविवार
फोन आला. गॅस्केटपासून सुरुवात केली. मग पाण्याचा दाब, मग कागद, मग छपाई. आवाज छान लागला होता. ती मधून मधून हं म्हणत होती. आता गुणांवर येणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, नाही आवडली तर राहू दे. पुढचा भाग घेऊन मीच येणार होते शनिवारी. दोन दिवस राहून एकत्र वाचू म्हटलं होतं."
मी म्हणालो, "तुला कामं असतील."
ती म्हणाली, तशी आहेतच. मग गोळ्या घेतल्या का विचारलं. घेतल्या म्हटलं.

१० मार्च
तिला फोन करणार होतो. सकाळी ती घाईत असते. दुपारी मीटिंग असते. संध्याकाळी दमलेली असते, उगाच कशाला त्रास.
कादंबरी मला फार आवडली. येत्या रविवारी सांगेन. तिने विषय काढला तर.