आडनावाच्या रकान्यात

चंद्रपूर, शुक्रवार

प्रिय दीपाली,

गेल्या महिन्यात तू आलीस आणि मी तुला चहाही न विचारता परत पाठवलं. नर्सच्या नोकरीसाठी तुझी जात पडताळणी अडली आहे. तुझ्या वडिलांच्या, सुनिलच्या, शाळेच्या दाखल्यावर ‘भूमिया’ आणि घरच्या बाकी कागदांवर ‘नैताम’. नोंद माझ्याच हातची. मी म्हटलं, शाळेची नोंदवही चुकत नसते, तुझ्या आजोबांनीच तसं सांगितलं असेल. तू ‘बरं बाई’ म्हणालीस आणि चपला घातल्यास. ते ‘बरं’ मला टोचत राहिलं.

माझी नात उर्वशी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिने विचारलं, इंग्लंडच्या राजघराण्याचं आडनाव काय? वाचून पाहिलं. मोठी राजपदवी असलेल्यांना तिथे एरवी आडनाव लागतच नाही, नाव आणि पदवी एवढं पुरतं. कागदावर लागलंच तर एक जोडआडनाव ठरवून ठेवलेलं आहे. दोन राजपुत्रांनी तर शाळेत आणि सैन्यात वडिलांच्या पदवीतलं प्रदेशाचं नावच आडनाव म्हणून लावलं. त्यापायी त्यांचं काही अडलं नाही. उर्वशी हसली. मला तुझे आजोबा आठवले.

१९८६चा जून, आलापल्लीजवळची आपली शाळा. तुझ्या आजोबांनी, वारलूभाऊंनी, सुनिलला खांद्यावरून उतरवलं. मी आडनाव विचारलं. “आमी भूमिया, बाई,” ते ताठ मानेने म्हणाले. गावदेवाची पूजा त्यांच्या घरची, पेरणीचा पहिला दाणा त्यांच्या हातचा. परक्या बाईने विचारलं, त्यांनी आपला मान सांगितला. मी बी.ए. झालेली, त्या भागात नवी. तोच मान आडनावाच्या रकान्यात लिहून मोकळी झाले.

इथवरची चूक माफ होईल. पुढची नाही. सुनिल चौथीत असताना वारलूभाऊ पुन्हा आले. “बाई, भूमिया आमचा मान होय, आडनाव नोहे. आमी नैताम. पोराच्या कागदाले मान काऊन चिकटवता?” भरल्या वर्गासमोर मी म्हटलं, नोंदवही म्हणजे पाटी नव्हे, पुसायला. सात मैल चालत आलेला माणूस तसाच परत गेला. हे तुझ्यापासून मी लपवलं.

सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. त्यात सगळं आहे, ते पाटीचं वाक्यसुद्धा. मंगळवारी गडचिरोलीला समितीपुढे मी स्वतः येते. अकराला दारात हजर राहा, उशीर चालणार नाही. प्रतिज्ञापत्रावर माझं नाव आडनावासकट लिहिलं आहे, ते वाचून गोंधळू नकोस. तुमच्या गावाने मला ते कधी विचारलंच नाही.

तुझीच,
बाई