ठिपके नसलेल्या कड्या

सोमवार, ३ फेब्रुवारी
नळ्यांच्या कारखान्यातून तीन कड्या आल्या, भुशात गुंडाळून. वरच्या चिठ्ठीवर अक्षर त्याचंच. अकरा वर्षं माझ्या टेबलाशेजारच्या लेथवर टर्नर होता, तेव्हा चिठ्ठी कधी लागलीच नाही. त्या कारखान्यात बदली होऊन दोन वर्षं झाली. निघताना म्हणाला होता, काही अडलं तर बोलवा. मेलं काही अडतच नाही!

मंगळवार, ४
काय हे! कड्यांवर ठिपके नाहीत.
जाड नळीत आतून तेलाचा प्रचंड दाब देतात. दाब काढला की बाहेरचं पोलाद आतल्याला आवळून धरतं — म्हणून नळी तडकत नाही. किती आवळलंय ते बघायला नळीची कडी कापायची, तिच्यावर दोन ठिपके मारून अंतर मोजायचं, मग मधोमध चीर द्यायची. कडी फाकते. किती फाकली, त्यावरून सगळं गणित. ठिपके कडी कापणाऱ्यानंच मारायचे. राहिले, तर त्यानं इथं येऊन माझ्यासमोर मारायचे आणि सही करायची. नियमच आहे.
म्हणजे एक फोन केला की तो येणार. दिवसभर फोनकडे बघत बसले.

बुधवार, ५
नाही केला. तो विसरलाच कसा? मीच चिडवायचे, जेवायला विसराल पण ठिपके नाही विसरणार. तब्येत बरी नसेल का? नव्या जागी ही चूक नोंदली गेली, तर तिथले साहेब त्याला फाडून खातील.
आई विचारत होती, भाजी गार झाली, लक्ष कुठाय तुझं. काय सांगू!

गुरुवार, ६
ठिपके मीच मारले. चिरा दिल्या. तिन्ही कड्या हिशेबाप्रमाणे फाकल्या, नळ्या उत्तम आहेत. अहवालात लिहिलं — कड्या ठिपके मारूनच आल्या होत्या. एक प्रत वर, एक तिकडे पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. चूक पोटात घातली त्याची.
पण फार वाटत होतं, यावं त्यानं. पोलादाचा कीस फुंकून कडी माझ्या हातात द्यायचा, म्हणायचा, "जपून, गरम आहे." तेवढ्यासाठी जीव तुटतो.

सोमवार, १०
अहवाल मंजूर. कोणी काही विचारलं नाही.

बुधवार, १२
तिकडच्या फोरमनचा फोन. कामाचं बोलून झाल्यावर हसायला लागला. म्हणाला, "तुमचा टर्नर चार दिवस बॅग भरून बसला होता हो. नवा शर्टसुद्धा घेतला. म्हणे, ठिपके राहिलेत, बाई बोलावतीलच. शुक्रवारी तुमचा अहवाल वाचला आणि गपचूप बॅग घरी घेऊन गेला."
मी ठेवते म्हटलं आणि फोन ठेवला. अडाणी मी! अकरा वर्षांत एकदाही न विसरणारा माणूस.

गुरुवार, २०
पेटी आली. या वेळी एकच कडी. ठिपके नाहीत.
ठिपके मारायचा पंच कपाटात टाकून कुलूप लावलं. मग फोन केला. म्हटलं, "अडलंय. या."