तुमच्या नातीचा फॉर्म

बाबा, तुमच्या नातीला बारावीनंतर चित्रकला शिकायची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मराठी समजते तिला, पण बोलते हिंदीत. घरात जिथे कोरी जागा दिसेल तिथे चित्र काढते, विजेच्या बिलामागेसुद्धा. तिचे वडील बदलीच्या गावी असतात, म्हणून हे सगळं माझ्यावर आलं, आणि मला यातलं काहीच कळत नाही.

म्हणून ठरवलं, कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी तिला चित्रं काढूनच जगणारी माणसं दाखवायची. आधी सराफ्यात गेलो. तिथे एक म्हातारे कारागीर दागिन्यांचे नमुने कागदावर काढतात. त्यांनी तिची वही सावकाश चाळली. "हाथ अच्छा है बिटिया का," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "पर इस लाइन में मत डालिए. अब सब कम्प्यूटर पर होता है." ती मान खाली घालून वही पिशवीत ठेवत होती, आणि बाबा, मला सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरताना माझीच मला लाज वाटली.

पुढच्या रविवारी राइट टाउनमध्ये एका बाईंकडे गेलो. त्या लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. मी प्रश्न कागदावर लिहूनच नेले होते. काम कायमचं असतं का, आजारी पडलं तर काय, पेन्शनसारखं काही मिळतं का. कधी काम असतं, कधी नसतं, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. मग पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "दीदी, जो चित्र बिगड़ जाता है, उसका आप क्या करती हो?" त्या हसल्या, उठल्या, कपाटातून बिघडलेल्या चित्रांचा गठ्ठाच काढला, आणि दोघी फरशीवर बसल्या. मी तासभर सोफ्यावर. त्यांचं बोलणं सगळं ऐकू येत होतं, पण मला त्यात शिरता येत नव्हतं.

परतताना स्कूटरवर मी म्हटलं, "चलो, बघू." ती मागून म्हणाली, "मम्मी, तुम अपने सवाल पूछ रही थीं. मेरे नहीं."

तेव्हापासून आपलं फॅक्टरीचं क्वार्टर डोळ्यांपुढून जात नाही. मी दहावीत आहे. आई पोळ्या लाटते आहे आणि मी विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर तिचे हात काढते आहे. तुम्ही ड्यूटीवरून येता, डबा ठेवता, वही उचलता. "हे काहून करून राहिली?" एवढंच म्हणता. ओरडला नाहीत. वही पुढून उघडलीत आणि पहिल्या धड्याचे प्रश्न विचारायला लागलात. परीक्षा संपली तशी मला टायपिंगच्या क्लासला घातलंत. त्याच टायपिंगवर सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात नोकरी लागली, तिच्यावरच हे घर उभं आहे. तुम्ही चुकलात असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण त्यानंतर मी कोणाचेच हात काढले नाहीत, हेही खरं. तुम्हालाही तेव्हा भीती वाटली होती का? मी कधी विचारलं नाही.

काल ती फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात आली. बाकी सगळं भरलेलं, फक्त विषयाची जागा कोरी. "तुम बताओ ना मम्मी, क्या भरूँ? सच्ची पूछ रही हूँ." मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटलं, "तुझं तू ठरव बेटा. मी आडवी येणार नाही." ती फॉर्म घेऊन आत गेली. सकाळी शेजारच्या वहिनींना मी मोठ्या तोंडानं सांगितलं, आम्ही पोरीला पूर्ण मोकळीक दिली आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मोकळीक नव्हती ती, बाबा. उद्या काही बिघडलं तर तिनं माझं नाव घेऊ नये, एवढंच मला हवं होतं.