मी गावाला गप्प बसवलं

प्रिय फिलिपा,

तुला एक आई आहे. काळी शाल घेते, पालेर्मोहून बस डोंगरात शिरते तिथं शेवटच्या गावात राहते. एवढ्यावर ओळख पटली तर पुढं ऐक. शेजारच्या बेनेदेत्ताच्या घरच्या फोनचा नंबर तुला झोपेतही पाठ असायचा. तिकडे उत्तरेत काय खायला घालतात कोण जाणे, आकडे विसरलेले दिसतात.

बेनेदेत्ताच लिहून घेतेय. जे तिला पटत नाही तिथं पेन वर धरते आणि चर्चमधल्या संताच्या मूर्तीसारखी माझ्याकडे बघते. तुला वाचून दाखवणार तुझ्या कुत्र्यांच्या शाळेतले तोझी मास्तर, म्हणजे आपल्या दोघींच्या मधे दोन परकी माणसं. मास्तर, अवघड जागा आली की खोकत बसू नका, सलग वाचा.

घरचं सगळं ठीक आहे. तुझ्या बहिणीच्या पोरी मला फौजदारीणबाई म्हणायला लागल्यात. ‘आजी, आज कुणाला गप्प बसवायचंय?’ असं दारातूनच विचारतात. मी हसत नाही, तेव्हा त्यांना कळतं की काहीतरी बिनसलंय.

आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं तू पहिल्यांदा बोललीस तो दिवस आठवतो. मी शेंगा सोलत होते. म्हटलं, माझ्यात काय कमी आहे? लहानपणापासून तुझा हात माझ्या कोपरात, लोक आपल्याला चार पायांची एकच बाई समजतात. तू म्हणालीस, ‘आई, तू मला बाजारात नेतेस, पण तुला हवं त्याच दुकानात. कुत्रं मला हवं तिथं नेईल.’ मी पुढच्या सगळ्या शेंगा चुकीच्या भांड्यात टाकल्या. पण तू त्या शाळेत गेलीस, तुला ब्रीना नावाची कुत्री मिळाली आणि दर रविवारी तू फोनवर सांगायला लागलीस. आज ब्रीना जिन्यापाशी थांबली, आज तिनं मला खड्ड्याला वळसा घालून नेलं. तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी बेनेदेत्ताच्या स्वयंपाकघरात उभी राहून ‘छान, छान’ म्हणायचे आणि घरी येऊन विनाकारण तांब्याची भांडी घासायचे.

मग मास्तर तुम्हा दोघींना काही दिवस सरावासाठी गावात घेऊन आले. त्यांनी मला साधं सांगितलं होतं. कुत्रीच्या पाठीवर दांडीचा पट्टा असेल तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. आणि मी घरी थांबायचं. मी दारोदार फिरले आणि माझ्या पदरचं वाढवलं, की फिलिपाशीही कुणी अवाक्षर बोलायचं नाही. ‘नमस्कारसुद्धा नाही?’ तानो न्हाव्यानं विचारलं. ‘नमस्कारसुद्धा नाही. तुझी तर कात्रीही बडबडते, ती पण बंद,’ मी म्हटलं. सगळ्यांकडून वचन घेतलं.

त्या सकाळी तू चर्चच्या पायऱ्यांवरून निघालीस. मास्तर खाली कारंज्यापाशी थांबले होते, तो उतार तुम्ही दोघींनीच उतरायचा होता. आणि गावानं माझा शब्द पाळला. पत्तेवाले पत्ते छातीशी धरून बसले. पावाच्या दुकानात कार्मेलानं नवऱ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर सोडलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. तानोचा स्वतःच्या जिभेवर भरवसा नाही, म्हणून त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मागं जाऊन उभा राहिला.

आपल्याकडे शटर अर्धं कधी ओढतात, हे मला सुचायला हवं होतं. शवपेटी जाताना. रस्ता गप्प, शटर अर्धं, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला भर रस्त्यात कुणी नाव सांगत नाही. तो घरी पोचेपर्यंत सगळे नुसते बघत राहतात. शटरचा अर्ध्यावरच थांबलेला खडखडाट ऐकून तू थबकलीस. ‘कोण गेलं?’ कुणी बोललं नाही. ‘तानो, मी विचारतेय, कोण गेलं?’ तानो शटरमागं ओठ चावत उभा. मग तुझा चेहरा पांढरा पडला. ‘आई? माझी आई कुठाय?’

तू ब्रीनाला पुढं म्हणालीस. ती हलेना. तू दांडी ओढलीस, ती मान वळवून मागंच बघत राहिली. मग मी आले, तुझा हात धरला, गाव एकदम बोलायला लागलं, सगळे एकमेकांवर ओरडायला लागले. आणि तू मास्तरांना म्हणालीस, ‘मला गरज होती तेव्हा ही मागं तोंड करून उभी राहिली. हिला दुसऱ्या कुणाला द्या.’ त्याच संध्याकाळी तू त्यांच्या गाडीत बसून निघून गेलीस. काल मास्तरांचा फोन आला. येत्या रविवारपर्यंत तू मन बदललं नाहीस, तर ब्रीना दुसरीकडे जाणार.

म्हणून हे पत्र. तुला वाटतं मी घरून धावत आले. तसं मीच सांगितलं, वर धापाही टाकल्या. मी तुझ्या मागंच होते पोरी, हात लांब केला असता तर तुझी वेणी हाताला लागली असती. चपला घरी ठेवून नुसत्या मोज्यांवर चालत होते, कारण माझं पाऊल तू ओळखतेस. ब्रीना बघत होती ती माझ्याकडे. तू आई कुठाय विचारलंस आणि त्या मुक्या जिवानं तुला दाखवलं. अख्ख्या रस्त्यात तेवढी एकटीच खरं बोलत होती. आणि मी गप्प. ‘आई’ म्हणून तुझा हात हवेत फिरत होता, मी मेले असं तू समजत होतीस, आणि मला बरं वाटत होतं. अजून मीच लागते, असं वाटत होतं. थोडाच वेळ, पण वाटलं. बेनेदेत्तानं पेन वर धरलंय. तिला म्हटलं, लिही, हेच तर लिहायला तुला बोलावलंय. तानो रोज विचारतो, ‘मावशी, माझं काही चुकलं का?’ आणि मी खाली बघून पुढं जाते. मला क्षमा करायची की नाही ते तुझं तू ठरव, त्याची घाई नाही. पण ब्रीनाला माझ्या पापापायी परत करू नकोस. तिला घेऊन ये. मी बसपाशी येणार नाही, दारातही उभी राहणार नाही. तुम्ही दोघी याल तेव्हा मी खुर्चीत बसलेली असेन. आणि एक. ती मागं वळली ते थोडं माझ्या खिशातल्या चीजसाठीही असेल. तुम्ही इथं होतात तेव्हा टेबलाखालून मी तिला रोज चारत होते. यापुढं ती फक्त तुझ्या हातचं खाईल, तेव्हा तिचं ते कोरडं खाणं आधीच बसनं पाठवून दे, कुलपाच्या डब्यात, आणि किल्ली तुझ्या गळ्यात ठेव.

तुझीच,
आई